आधी कागद, मग देश

पत्र : मी बडोद्याची, वय ३१. बारावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंग्रजीत बी.ए. आणि तिथूनच नियमित बी.एड. साडेचार वर्षं एका खासगी सीबीएसई शाळेत सहावी ते दहावीला इंग्रजी शिकवते आहे. पगार सांगण्यासारखा नाही. दीड हजार रुपयांत १२० तासांचा ऑनलाइन टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्सही केला. अलकापुरीतला एक एजंट म्हणतो, पावणेदोन लाख भरा, टूरिस्ट व्हिसावर व्हिएतनामला पाठवतो, वर्क परमिट तिथे गेल्यावर होईल. मैत्रीण म्हणते कोरिया-जपान बघ. माझ्या मनात दुबई आहे. नवरा मकरपुऱ्यात नोकरीला आहे, त्याची हरकत नाही. कुठे प्रयत्न करू? इंग्रजी शिकवण्याचा सेल्टा कोर्स करायला हवा का? — एक शिक्षिका, दांडिया बाजार

उत्तर : एजंटाला पैसे देऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र आजच ठरवा.

वर्क परमिटला काय लागतं ते पाहा. भारतात शिक्के मारून घेतलेली पदवी, शिकवण्याच्या प्रमाणपत्राची तशीच तयारी, पोलिसांचा दाखला, अनुभवाचं पत्र आणि वैद्यकीय तपासणी. तपासणी सोडली तर यातलं बहुतेक सगळं इथेच, गांधीनगर आणि दिल्लीच्या टेबलांवरून तयार होतं. ते न करता तुम्ही हनोईला उतरलात, तर पदवी बॅगेत आणि शिक्का मारणारे मागे भारतात. मग मूळ पदवी कुरियरने परत पाठवायची, नवऱ्याने रजा काढून तिच्यामागे फिरायचं, आणि तोवर तुम्ही एखाद्या भाषाकेंद्रात संध्याकाळचे तास रोखीवर घ्यायचे. धोका या मधल्या काळात आहे. टूरिस्ट व्हिसावर शिकवणं बेकायदा. केंद्रावर सरकारी तपासणी आली तर दंड आणि परतीचं तिकीट तुमच्या वाट्याला. केंद्राने पगार बुडवला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

दुसरं असं की १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. ती चालू आहे की संपली, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नावानिशी दिसतं. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कालाही मर्यादा आहे : ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४००. तुमचा एजंट त्याच्या जवळजवळ पाचपट मागतोय. अलकापुरी-सयाजीगंजात व्हिसाच्या पाट्या पावलोपावली आहेत, पण त्यातल्या बऱ्याच विद्यार्थी पाठवणाऱ्यांच्या. विद्यार्थी पाठवणं आणि नोकरीला माणूस पाठवणं हे कायद्याने दोन वेगळे धंदे आहेत. नोंदणी क्रमांक मागा. ‘आमचं दिल्लीच्या एजन्सीशी टाय-अप आहे’ हे उत्तर म्हणजे क्रमांक नाही.

तुम्ही पदवीधर आहात, त्यामुळे तुमचा पासपोर्ट ईसीएनआर गटातला. आखातात जायला तुम्हाला सरकारी एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. ही सोय आहे, पण तिची दुसरी बाजू कुणी सांगत नाही : तुमचा करार जाण्याआधी कुठलंही सरकारी टेबल तपासत नाही. तो तुम्हालाच तपासायचा आहे. शंका आली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा मोफत क्रमांक आहे.

आता देश. परदेशात इंग्रजीचा शिक्षक निवडताना त्याचं इंग्रजी किती चांगलं याआधी त्याचा पासपोर्ट कुठला हे पाहिलं जातं. आपल्याला हे पटण्यासारखं नाही, तरी नियमांतच तसं लिहिलेलं आहे. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारात पात्र भारतीय शिक्षकांसाठी एक अरुंद दार ठेवलं आहे. तुमच्याकडे बी.एड. असल्याने कागदोपत्री तुम्ही त्यात बसालही, पण त्या दाराने प्रत्यक्ष भरती इतकी विरळ होते की तिच्या भरवशावर वर्ष घालवू नये. जपानमध्ये शाळांतून शिकवण्याच्या व्हिसाला साधारणपणे बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं लागतं. तुमचं मराठीतून झालं, प्रश्न संपला. चीनमध्येही भाषाशिक्षक त्या भाषेच्या देशाचाच हवा हा सर्वसाधारण नियम आहे. ‘बिझनेस व्हिसावर या, चालतं’ असं तिथली शाळा म्हणाली तर ते तिचं चालतं, तुमचं नाही. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतीय शिक्षकांना क्यूटीएससाठी (तिथल्या पात्र शिक्षकाच्या दर्जासाठी) थेट अर्ज खुला केला तेव्हा समाजमाध्यमांवर बराच गाजावाजा झाला. तो गणित, विज्ञान आणि परकी भाषा शिकवणाऱ्यांसाठी होता. इंग्रजांना इंग्रजी शिकवायला त्यांनी आपल्याला बोलावलेलं नाही.

उरतात दोन प्रकारच्या जागा. एक थायलंड-व्हिएतनामच्या. तिथे भारतीयाला कायदेशीरपणे काम मिळू शकतं, मात्र जाहिरातीत बऱ्याचदा पगाराच्या दोन रांगा असतात, ‘नेटिव्ह’ आणि ‘नॉन-नेटिव्ह’, आणि तुमची दुसरी. थायलंडच्या शाळा नॉन-नेटिव्ह उमेदवाराकडे सहसा इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, म्हणजे टोइकचे किमान ६०० गुण किंवा आयइएल्टीएसचा निकाल, मागतात. दोन्ही निकाल दोनच वर्षं चालतात, म्हणून परीक्षा आधीच देऊन ठेवू नका, अर्जांच्या सुमारास द्या. तिथली सरळ वाट अशी : शाळा आधी कागद पाठवते, त्यावर तुम्ही नॉन-इमिग्रंट बी व्हिसा भारतातूनच काढता, ९० दिवसांचा प्रवेश मिळतो, त्या मुदतीत वर्क परमिट आणि मग एका वर्षाची मुदतवाढ. शिकवण्याचा परवाना शिक्षक परिषद देते. तो नसेल तर शाळा दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मिळवते. मुदत उलटून राहिलात तर रोज ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,००० पर्यंत. वर नोंद राहते ती वेगळी.

दुसऱ्या जागा आखातातल्या भारतीय शाळांच्या, आणि आमच्या मते तुमचं पहिलं लक्ष्य तेच असावं. कारण तिथे तुम्ही ‘नॉन-नेटिव्ह’ नसता. यूएई, ओमान, कुवेत, बहरीन, कतार, सौदी या सगळीकडे सीबीएसई शाळा आहेत, आणि त्यांना नेमकं तुमच्याकडे आहे तेच लागतं : नियमित बी.एड., सीबीएसईचा अनुभव, दहावीच्या वर्गाला शिकवलेलं असणं. टेफलचं नावही कुणी विचारत नाही. संलग्न शाळांची यादी सीबीएसईच्या संकेतस्थळावर मिळते. तीवरून प्रत्येक शाळेच्या स्वतःच्या ‘करिअर्स’ पानावर जा. मालदीवचाही विचार करा. तिथलं शालेय शिक्षण इंग्रजी माध्यमातून चालतं आणि भारतीय शिक्षक पुष्कळ आहेत. फक्त नेमणूक राजधानी मालेत होते की लांबच्या बेटावर, हे सही करण्याआधी लेखी घ्या. छोट्या बेटावर भाजी बोटीने येते, आणि पावसाळ्यात तीही वेळेवर येईल असं नाही.

आखाताची एक अडचण मोकळेपणाने सांगायला हवी. तुमची स्पर्धा कोचीच्या किंवा दिल्लीच्या शिक्षिकेशी कमी आणि नवऱ्याच्या व्हिसावर आधीच दुबईत राहणाऱ्या बी.एड. बाईशी जास्त आहे. तिला घेतलं की शाळेचा व्हिसा, घर, तिकीट सगळा खर्च वाचतो. म्हणून वर्षाच्या मध्ये रिकाम्या होणाऱ्या जागा तिथल्या तिथेच भरल्या जातात. बाहेरून माणूस घेतात ते मुख्यतः नव्या सत्रासाठी. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे मुलाखती साधारण डिसेंबर ते मार्च. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टअखेर-सप्टेंबरला उघडतात. मे महिन्यात पाठवलेला उत्तम अर्जही कुणी उघडत नाही.

आणि आता कागद. जागा मिळूनही माणसं अडकतात ती इथे, म्हणून थोडं तपशिलात.

सगळ्यात आधी नाव. गुजरातेत मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग आपलं नाव, मग वडिलांचं, असा क्रम असतो. पासपोर्टवर वेगळा क्रम आणि बहुधा लग्नानंतरचं आडनाव. त्यात आपल्या मराठी घरांची खास गंमत अशी की शाळेच्या कारकुनाने दाखल्यात वडिलांचं नाव ‘सुरेशभाई’ लिहिलेलं असतं, पदवीवर ‘सुरेश’ आणि पासपोर्टवर ‘सुरेशराव’. बडोद्यात तिघे एकच, हे सगळ्यांना कळतं. वकिलातीच्या खिडकीला कळत नाही. पासपोर्टवर अजून माहेरचं नाव असेल तर ते तसंच राहू द्या. लग्नानंतर ते बदलण्याची सक्ती नाही आणि पदवीशी जुळणारं नाव सोन्यासारखं असतं. बदललेलं असेल तर विवाहनोंदणीचा दाखला लागेल. तो गुजरातीत असेल तर इंग्रजी प्रत काढा आणि शिक्क्यांच्या रांगेत त्यालाही बसवा. ‘भाई’ आणि ‘राव’ यांच्यासाठी ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालतं. स्पेलिंगमधला फरक मात्र विद्यापीठाकडूनच दुरुस्त करून घ्या.

मग शिक्के. क्रम असा : राज्याच्या कार्यालयाचा, तुमच्या बाबतीत गांधीनगरचा, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा, त्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचा, आणि पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. ओमान, बहरीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी हे अपोस्टिल (एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मानण्याच्या) करारातले देश, त्यांच्यासाठी वकिलातीची पायरी गळते. यूएई, कुवेत, कतार त्या करारात नाहीत, तिथे वकिलातीचा शिक्का लागतोच. मंत्रालय व्यक्तीकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फत घेतं. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये आहे. एजन्सी हजारोंचं ‘पॅकेज’ सांगेल, त्यात सरकारी फी किती, वकिलातीची किती आणि तिची स्वतःची किती हे फोडून मागा. काही एजन्सी राज्याचा शिक्का टाळून दिल्लीच्या एसडीएमचा (उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा) मारून आणतात. ते लवकर होतं, पण पुष्कळ शाळा आणि काही देश शैक्षणिक कागदावर तो मानत नाहीत, आणि मग सगळा खर्च पहिल्यापासून. आपल्याला कुठला हवा हे शाळेला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पदवी लॅमिनेट केलेली असेल तर शिक्का बसत नाही. प्लास्टिक काढताना कागद फाटला तर दुसरी प्रत काढण्यात महिने जातात. पदवी म्हणजे पदवीदानाचं मूळ प्रमाणपत्र, प्रोव्हिजनल नव्हे. प्रत्येक मार्कशीटवर शिक्के मारून घेण्याचीही गरज नसते. सहसा बी.ए. आणि बी.एड. या दोन पदव्या पुरतात, वकिलातीची फी दर कागदाला असते. त्यासोबत विद्यापीठाकडून पदवी खरी असल्याचं पत्र घ्या आणि त्यात शिक्षण नियमित पद्धतीने, बडोद्यात झालं हे स्पष्ट लिहून घ्या. आखातात पदवीची समकक्षता ठरवताना शिक्षण कुठे आणि कोणत्या पद्धतीने झालं हे आवर्जून पाहतात. पत्रद्वारा, म्हणजे दूरशिक्षणाने, केलेलं बी.एड. नेमकं इथे अडकतं. तुमचं नियमित आहे, पण ते सिद्ध करणारा कागद हातात हवा.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मिळतो, फी ५०० रुपये. तो सहसा सहा महिनेच ताजा धरतात, म्हणून शेवटी काढा. पदव्या मात्र आत्ताच शिक्क्यांना पाठवल्यात तरी शिळ्या होत नाहीत.

अनुभवाच्या पत्राबद्दल एक जपून वागण्याची गोष्ट. शाळेच्या लेटरहेडवर, संलग्नता क्रमांकासह, रुजू झाल्याची तारीख, इयत्ता, विषय आणि प्राचार्यांची सही शिक्क्यासह हवी. राजीनामा देतानाच ते मागितलंत तर कुठलीही शाळा रुसते. पीएच.डी.ची चौकशी, बँकेचं काम, काहीतरी साधं निमित्त सांगून आधीच एक प्रत घेऊन ठेवा. शाळेने नेमणुकीच्या वेळी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली असतील तर तीही आता परत मागा. आणि राजीनामा व्हिसा हातात आल्याशिवाय देऊ नका. ऑफर लेटरवर देऊ नका. यूएईची खरी ऑफर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या व्यवस्थेतून निघते, तिच्यावर व्यवहार क्रमांक असतो आणि तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मुलाखतीशिवाय जीमेलवरून आलेलं नेमणूकपत्र कितीही सोनेरी असलं तरी कचऱ्यात टाका.

करारात पगाराचा एकच आकडा बघू नका, तो फोडून बघा. यूएईच्या कायद्यानुसार वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी लागू होते, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या पगाराइतकी. पण मूळ पगाराच्या, एकूण नव्हे. समजा दोन शाळा ४,००० दिरहम देऊ करतात. एकीत मूळ पगार १,६०० आणि बाकी भत्ते, दुसरीत मूळ २,८००. पहिल्या शाळेत वर्षाला १,१२० दिरहम साठतील, दुसरीत १,९६०. तीन वर्षांत अडीच हजार दिरहमचा फरक, तोही ‘सारख्याच’ पगारात. शिवाय हे विचारा : जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार मिळतो का, पहिल्या वर्षीही? घर शाळेचं असेल तर खोली एकटीची की तिघींची? तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी? वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर काय कापणार? भरतीचा आणि व्हिसाचा खर्च तिथल्या कायद्याने मालकाचा असतो, तुमच्या पगारातून हप्त्याने कापायचं कलम दिसलं तर ती शाळा सोडून द्या. पासपोर्ट ठेवून घेण्याचाही शाळेला अधिकार नाही. नवऱ्याला नेण्याचा विचार दुसऱ्या वर्षी करा. कुटुंबाच्या व्हिसाला पगाराची किमान अट असते आणि पहिल्या वर्षी घरभाडंच डोळे पांढरे करतं.

तिथे गेल्यावर वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे असतो, क्षयासाठी. लहानपणी कधी क्षय झाला असेल, बरा झाला असेल, तरी फुप्फुसावरचा जुना व्रण दिसला की अडचण येऊ शकते. साधा एक्स-रे इथेच काढून डॉक्टरांना दाखवा, राजीनाम्याच्या आधी.

मुलाखतीचा नमुना पाठ बहुधा दहा-पंधरा मिनिटांचा असतो, व्हिडिओवर. बहुतेक भारतीय शिक्षक इथे गुण घालवतात, कारण ते विषय समजावून सांगायला बसतात. समोरच्यांना व्याकरण येतं. त्यांना वर्ग कसा चालतो ते पाहायचं आहे. ‘पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे काय’ असं फळ्यावर लिहून सुरुवात करू नका. चोरी झालेल्या दुकानाचं चित्र दाखवा, काय काय झालंय ते मुलांकडून वदवून घ्या, त्यांच्याच वाक्यांतून रचना काढा. सूचना एका वाक्यात द्या आणि ती कळली का हे ‘अंडरस्टूड?’ विचारून नव्हे, तर ‘आधी काय करायचं?’ असं विचारून तपासा. तुमचं बोलणं निम्म्याहून कमी वेळ असू द्या.

उच्चार बदलून अमेरिकन व्हायला जाऊ नका, ते लगेच ऐकू येतं. पण मराठी जिभेच्या तीन सवयी समजण्याच्या आड येतात, त्यांवर महिनाभर रोज दहा मिनिटं काम करा. आपला ‘प’ हवेशिवाय येतो, त्यामुळे आपलं ‘पिन’ परक्या कानाला ‘बिन’ वाटतं. सुरुवातीच्या प, ट, क ला थोडी हवा हवी. ‘वेस्ट’ म्हणजे बंडी आणि ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम, यांतले दोन ‘व’ आपण एकच करतो; बंडीला दात ओठावर टेकतात, पश्चिमेला ओठ गोल होतात. आणि आघात, म्हणजे शब्दातला जोर : ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. आपण दोन्ही सपाट म्हणतो.

सेल्टा? तूर्त नको. तो चांगला कोर्स आहे : १२० तास, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास तपासलं जाणारं अध्यापन आणि चार लेखी स्वाध्याय. तुमच्या दीड हजारी टेफलमध्ये नेमकं ते अध्यापनच नाही, म्हणून नावात तेच १२० तास असले तरी दोघांची तुलना होत नाही. पण सेल्टाला किंमत येते ती प्रौढांना शिकवणाऱ्या भाषाकेंद्रांत. आखातातली सीबीएसई शाळा त्यासाठी एक दिरहमही वाढवून देणार नाही. दोन-तीन वर्षांनी भाषाकेंद्रांकडे वळावंसं वाटलं तर तेव्हा करा, तेव्हा तो तुमच्या तिथल्या पगारातून होईल. टेफलचं प्रमाणपत्र सीव्हीत शेवटच्या ओळीत असू द्या. आणि सीव्हीत पासपोर्ट क्रमांक घालू नका, तो दुसऱ्याच्या कामाला येतो.

डिसेंबरच्या मुलाखती धरायच्या तर विद्यापीठाचं पत्र आणि शिक्क्यांचं काम त्याआधी मार्गी लागायला हवं. नवरात्रीपासून दिवाळीपर्यंत कार्यालयं असून नसल्यासारखी असतात. विद्यापीठाकडे अर्ज गरब्याचे मंडप पडण्याआधी द्या, आणि देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.